इमारतीचा फोटो आणि अण्णांचे पाच प्रश्न



सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी बाईंनी वर्गात विचारले, "सुट्टीत काय काय पाहिलेत?" एका सुरात उत्तर आले, "खूप फोटो काढले!" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "मी विचारलं, पाहिलंत काय?" वर्ग एकदम गप्प झाला. माझी दोन्ही मुले त्या वर्गात होती आणि मी मागच्या बाकावर बसले होते. गप्प बसणाऱ्यांत आम्हीही असायचो, पण या वेळी आमच्याकडे उत्तर होते. म्हणून बाईंनी हा लेख लिहायचे काम माझ्याकडे दिले.

आम्ही ऑक्टोबरच्या सुट्टीत चार दिवस स्पेनमधील बार्सिलोना शहरात गेलो होतो. हे शहर अंतोनी गौदी (१८५२ ते १९२६) या वास्तुविशारदाच्या इमारतींसाठी प्रसिद्ध आहे. त्यांपैकी सर्वांत मोठी म्हणजे 'साग्रादा फामिलिया' हे चर्च. त्याचे काम १८८२ साली सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते गौदीच्या हाती आले आणि मरेपर्यंत त्याने ते सोडले नाही. १९२६ साली ट्रामच्या धक्क्याने तो गेला, तेव्हा चर्चचा थोडासाच भाग उभा होता. बाकीचे त्याच्यामागून आलेल्या लोकांनी बांधले.

पहिल्या दिवशी आम्ही चर्च बाहेरून पाहिले आणि संध्याकाळी 'पार्क ग्वेल' ही गौदीनेच रचलेली बाग पाहिली. रात्री मोजले तर एकशे चाळीस फोटो झाले होते! ते सगळेच्या सगळे आम्ही अण्णांना पाठवून दिले.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते साताऱ्याला असतात. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांनी पस्तीस वर्षे नोकरी केली. गुडघ्यांमुळे त्यांना आता विमानप्रवास जमत नाही. खरे सांगायचे तर मुलांचे आणि त्यांचे बोलणे अलीकडे फारच थोडे राहिले होते. दर रविवारी फोन लागायचा. "जेवलास का?" "हो." "अभ्यास?" "चालू आहे." झाले! फोन माझ्या हातात. दोष कोणाचाच नव्हता. मुलांकडे सांगण्यासारखे मराठीत काही नव्हते आणि इथल्या शाळेबद्दल काय विचारावे हे अण्णांना सुचत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसलो असताना अण्णांचाच फोन आला. त्यांनी एकशे चाळीस फोटो एकेक करून पाहिले होते आणि कागदावर पाच प्रश्न लिहून ठेवले होते. त्या पाच प्रश्नांनी आमची सहल बदलली. तेच आज तुम्हांला सांगते.

पहिला प्रश्न : "देवळाचं तोंड कुणीकडे?"

चर्चला अण्णा देऊळच म्हणतात. थोरलीने फोनमधले होकायंत्र पाहून सांगितले, "अण्णा, पूर्वेकडे." अण्णा म्हणाले, "मग दुपारी कशाला फोटो काढलात? दुपारनंतर त्या बाजूला सावलीच असणार. सगळी नक्षी सपाट दिसते आहे."

मुलांनो, फोटो म्हणजे उजेडाने काढलेले चित्र. भिंतीवरील कोरीवकाम डोळ्यांना उठून दिसते ते त्यावर पडणाऱ्या छोट्या छोट्या सावल्यांमुळे. ऊन तिरपे असेल तर प्रत्येक पानाची, प्रत्येक बोटाची सावली पडते. पूर्वेकडच्या भिंतीवर असे तिरपे ऊन सकाळी मिळते आणि पश्चिमेकडच्या भिंतीवर सायंकाळी. भिंत पूर्ण सावलीत गेली की सगळे एकसारखे करडे दिसू लागते.

साग्रादा फामिलियाची पूर्वेकडची बाजू येशूच्या जन्माची आहे. ती पाना-फुलांनी, पक्ष्यांनी आणि मूर्तींनी नुसती भरून गेली आहे. पश्चिमेकडची बाजू येशूच्या यातनांची आहे, ती मुद्दामच रुक्ष आणि टोकदार ठेवली आहे. तेव्हा एक बाजू सकाळी आणि दुसरी सायंकाळी पाहावी, हे त्या इमारतीतच लिहून ठेवल्यासारखे आहे. आम्ही त्या सकाळी घाईने नाश्ता आटोपून परत पूर्वेच्या बाजूला गेलो. तोच कॅमेरा, तीच भिंत, पण काल न दिसलेली एक गंमत धाकट्याला दिसली. दाराच्या दोन्ही बाजूंच्या खांबांखाली एकेक कासव आहे! एक समुद्रातले, वल्ह्यासारखे पाय असलेले, आणि एक जमिनीवरचे. आपल्याकडे देवळात शिरताना फरशीत कासव असते, हे त्याला साताऱ्याच्या मागच्या भेटीतले आठवत होते. इथल्या कासवांचा अर्थ वेगळा आहे, ती समुद्राची आणि जमिनीची खूण आहेत. पण अण्णांना पाठवायचा पहिला फोटो ठरला तो हाच.

दुसरा प्रश्न : "मनोरे झुकलेत, की तुझा हात?"

आमच्या फोटोंत चर्चचे उंच मनोरे मागे रेलून एकमेकांवर डोके टेकल्यासारखे दिसत होते. असे का होते? रेल्वेचे रूळ लांब जाताना जवळ आल्यासारखे दिसतात ना, तेच इथे उभ्या दिशेने घडते. उंच इमारत मावावी म्हणून आपण फोन वर तिरका करतो. इमारतीचा वरचा भाग आपल्यापासून लांब असतो म्हणून तो लहान उमटतो, आणि सरळ रेषा वर जाताना आत वळतात.

यावर उपाय सोपे आहेत. फोन गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ उभा धरा, पुढे-मागे कलू देऊ नका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये उभ्या-आडव्या रेघांची जाळी चालू करता येते. खांबाची कड त्या उभ्या रेघेला समांतर आहे का ते पाहा. मनोरे मावत नसतील तर मागे जा. साग्रादा फामिलियाच्या पूर्वेला रस्त्यापलीकडे एक बाग आहे आणि तिच्यात तळे आहे. त्या तळ्याच्या काठावरून फोन सरळ धरूनही मनोरे मावतात, वर पाण्यात त्यांचे प्रतिबिंबही मिळते. मागे जायला जागाच नसेल तर सगळी इमारत मावलीच पाहिजे हा हट्ट सोडा आणि एक खिडकी नीट काढा.

पण हा प्रश्न गौदीच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा आहे, कारण गौदीचे काही खांब खरोखरच कललेले आहेत! पार्क ग्वेलमधील दगडी वाटांखालचे खांब झाडांच्या खोडांसारखे तिरपे उभे आहेत. वरच्या मातीचा रेटा ज्या दिशेने येतो त्या दिशेला ते टेकू दिल्यासारखे कलतात. आता आपला फोनच वाकडा असेल तर पाहणाऱ्याला कसे कळावे, की हा कल गौदीचा आहे की आपल्या हाताचा? अण्णांनी नेमके हेच विचारले होते. बांधणाऱ्याचे तिरपेपण दाखवायचे असेल तर आपण सरळ उभे राहायला हवे.

तिसरा प्रश्न : "केवढं आहे ते?"

अण्णा म्हणाले, "खांब दिसतो आहे. पण तो कवेत मावेल एवढा, की चार माणसांच्या कवेत न मावेल एवढा?" आमच्याकडे उत्तर नव्हते. गर्दी नको म्हणून आम्ही माणसे टाळून फोटो काढले होते. माणूस नसला की फोटोतली इमारत खेळण्यातली असू शकते किंवा डोंगराएवढीही.

तेव्हा माप दाखवायला माणूस हवाच. मात्र कॅमेऱ्याजवळ उभा नको, खांबाजवळ उभा हवा. आपण एरवी घरच्यांना कॅमेऱ्यासमोर उभे करतो आणि इमारत मागे कुठेतरी लांब राहते. मग डोके घुमटाएवढे दिसते! त्याऐवजी त्या व्यक्तीला थेट खांबाला हात लावून उभे करा आणि तुम्ही मागे जा. चेहरा लहान येईल, पण इमारत खरी येईल. आत गेल्यावर आम्ही तसेच केले. मधल्या दालनाचे छत ४५ मीटर उंच आहे, म्हणजे साधारण पंधरा मजले. हा आकडा ऐकून मुलांना काही वाटले नाही. फोटोत खांबाच्या तळाशी उभी असलेली आई बोटाच्या पेराएवढी दिसली, तेव्हा वाटले.

चौथा प्रश्न : "गच्चीवरचं पाणी कुठे जातं?"

हा प्रश्न ऐकून आम्ही सगळे हसलो. पार्क ग्वेलमध्ये एक मोठी मोकळी गच्ची आहे. तिच्या कडेने रंगीत फुटक्या फरश्यांच्या तुकड्यांनी मढवलेला, नागमोडी बाक आहे. सगळे जग त्या बाकाचा फोटो काढते. अण्णांनी मात्र बाक बाजूला ठेवून विचारले, "एवढी मोठी गच्ची, पावसाळ्यात पाणी साठत नाही का?"

त्या रात्री आम्ही तिकिटासोबत मिळालेली माहिती वाचली आणि थक्क झालो. गच्चीवर पडलेले पाणी वाळू-मातीतून गाळले जाते. गच्चीखाली ८६ खांबांचे दालन आहे. पाणी त्यांतल्या पोकळ खांबांमधून खाली उतरून जमिनीखालच्या टाकीत साठते. टाकी भरली की जादा पाणी पायऱ्यांवरच्या प्रसिद्ध रंगीत सरड्याच्या तोंडातून बाहेर पडते!

गंमत अशी, की गच्ची, खांब आणि सरडा या तिन्हींचे फोटो आमच्याकडे पहिल्या दिवसापासून होते. पण ते एकशे चाळीस फोटोंत तीन वेगवेगळ्या ठिकाणी हरवले होते. मुलांनी ते शोधून एकापाठोपाठ लावले आणि प्रत्येकाखाली एकेक ओळ लिहिली. "इथे पाऊस पडतो. इथून पाणी खाली जाते. इथून बाहेर येते." तीन फोटो, तीन ओळी, आणि गोष्ट पूर्ण! म्हणून इमारत पाहताना विचारावे, की हे काम कसे करते? पाणी, वारा, उजेड आणि वजन कुठून येते आणि कुठे जाते? याचे उत्तर देणारा फोटो सुंदर नसला तरी चालेल.

पाचवा प्रश्न : "आणि तू कुठे आहेस?"

एकशे चाळीस फोटोंत मी एकाही फोटोत नव्हते. पालकहो, हे वाचणाऱ्या बऱ्याच घरांत आई किंवा बाबा यांपैकी एकजण असाच गायब असेल. आम्ही त्या दिवसापासून नियम केला, की दर तासाला कॅमेऱ्याचा माणूस बदलायचा. धाकट्याचे निम्मे फोटो हलले. पण त्याचा डोळा आमच्यापेक्षा बराच खाली असतो, त्यामुळे त्याला जे दिसते ते आम्हांला दिसत नाही. कासव त्यालाच दिसले होते.

उलटी साखळी

आता फोटोचा सर्वांत मोठा उपयोग सांगते, तो स्वतः गौदीने केलेला आहे. बार्सिलोनाजवळच्या एका गिरणी-वसाहतीत त्याला चर्च बांधायचे होते. कमानी कशा आकाराच्या असाव्यात हे ठरवण्यासाठी त्याने छताला दोऱ्या टांगल्या आणि त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या लहान लहान पिशव्या बांधल्या. प्रत्येक पिशवी म्हणजे इमारतीच्या त्या भागाचे वजन. हे नमुन्याचे काम सुमारे दहा वर्षे चालले होते. मग त्याने त्या लोंबत्या दोऱ्यांचे फोटो काढून घेतले आणि ते उलटे धरले. लोंबणाऱ्या दोऱ्यांच्या झाल्या उभ्या कमानी! त्या उलट्या फोटोंवर रंग देऊन त्याने चर्चचे चित्र तयार केले. त्या चर्चचा फक्त खालचा भाग बांधून झाला, पण त्यातून शिकलेले त्याने साग्रादा फामिलियात वापरले.

हे का जमते? लोंबणाऱ्या साखळीत प्रत्येक कडी फक्त ताणली जाते. तोच आकार उलटा करून दगडात बांधला की प्रत्येक दगड फक्त दाबला जातो. आणि दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने हे तत्त्व १६७५ साली मांडले होते. 'कासा मिला' या गौदीच्या इमारतीच्या माळ्यावर विटांच्या अशा २७० कमानी आहेत. तिथेच साखळ्यांचा नमुना टांगलेला आहे आणि त्याखाली आरसा ठेवला आहे. आरशात पाहिले की उलटी साखळी सुलटी कमान होते. तुम्हांला बार्सिलोनाला जायची गरज नाही. आईची गळ्यातली साखळी दोन्ही टोकांना धरा, फोटो काढा आणि फोन उलटा करा.

आत शिरताना

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनची वेळ घेऊन आम्ही चर्चच्या आत गेलो. रंगीत काचा जुआन व्हिला-ग्राउ या कातालान चित्रकाराच्या आहेत. पूर्वेकडे निळ्या-हिरव्या आणि पश्चिमेकडे पिवळ्या, केशरी, लाल. सकाळी आत गेले तर आत पाण्याखाली असल्यासारखे वाटते म्हणे. आम्ही दुपारी गेलो, त्यामुळे खांब पेटल्यासारखे केशरी झाले होते. हे खांब वर जाऊन झाडाच्या फांद्यांसारखे फुटतात आणि छत पेलतात. (आपला अंक झेरॉक्सचा, त्यामुळे हे सगळे तुम्हांला काळे-पांढरेच दिसणार. म्हणून शब्दांत सांगते आहे!)

आत पहिला फोटो काढला तर काचा पांढऱ्याफटक आल्या. कारण कॅमेरा सगळ्या चित्राचा सरासरी उजेड धरतो. अंधारी भिंत नीट दिसावी म्हणून तो उजेड वाढवतो आणि खिडकी जळते. अशा वेळी पडद्यावर खिडकीच्या जागी बोट टेकवा आणि उजेड थोडा कमी करा. भिंत काळोखी होईल, पण काचेतले रंग टिकतील. हात स्थिर राहण्यासाठी कोपरे अंगाशी घट्ट धरा, किंवा तीन सेकंदांचा टायमर लावा. फ्लॅश बंदच ठेवा. त्याचा उजेड त्या उंचीपर्यंत पोहोचत नाही आणि इतरांना त्रास मात्र होतो.

आणि एक गोष्ट विसरू नका. हे पूजास्थान आहे. २०१० साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या हस्ते त्याचा विधी झाला आणि तिथे प्रार्थना होते. कोणी डोळे मिटून बसले असेल तर त्यांच्या समोर फोन धरू नये. आपल्या देवघरात कोणी तसे केले तर आपल्याला चालेल का? धाकट्याने तिथे आपणहून फोन खिशात ठेवला. दहा मिनिटे आम्ही नुसते बसून वर पाहत राहिलो. त्या दहा मिनिटांचा फोटो नाही.

बारा फोटो

शेवटच्या रात्री मुलांनी निवडून फक्त बारा फोटो अण्णांना पाठवले, प्रत्येकाखाली मराठीत एक ओळ. शब्द अडले तिथे अण्णांनाच विचारले. खांबाच्या पायाशी असतो तो 'तळखडा', हे आम्हां मोठ्यांनाही ठाऊक नव्हते.

रविवारी फोन लागला. "जेवलास का?" हा प्रश्न आलाच नाही. धाकट्याने मोडक्या-तोडक्या मराठीत साखळीची गोष्ट सांगितली. अण्णा ऐकत राहिले. मग ते म्हणाले, "बाळा, मीपण एक कमान बांधलीय." तरुणपणी त्यांनी एका ओढ्यावर दगडी मोरी बांधून घेतली होती. कमान पुरी होईपर्यंत खालून लाकडी आधार द्यावा लागतो. मधला शेवटचा दगड बसल्यावर तो आधार काढायचा असतो. "तो काढताना मी कमानीच्या खाली उभा राहिलो होतो," अण्णा म्हणाले. "गवंड्यांना विश्वास वाटावा म्हणून." मी त्यांची मुलगी, पण ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. फोन पंचेचाळीस मिनिटे चालला.

"त्या मोरीचा फोटो आहे?" थोरलीने विचारले. नव्हता. त्या काळी कोण काढणार! रस्ता रुंद झाला आहे, पण मोरी अजून आहे म्हणतात. उन्हाळ्यात साताऱ्याला गेलो की पहिले काम तेच. मुलांनी आधीच विचारून घेतले आहे, मोरीचे तोंड कुणीकडे? दक्षिणेकडे. मग ऊन केव्हा येईल, हे ते दोघे आता अण्णांशी ठरवत आहेत. मापासाठी खाली कोण उभे राहणार, हे विचारायची गरजच नाही.

गृहपाठ : आपल्या गावातील कोणतीही एक इमारत निवडा. वाचनालय, पूल, शाळा, काहीही चालेल. तिचे फक्त पाच फोटो काढा, अण्णांच्या एकेका प्रश्नाला एकेक. प्रत्येकाखाली मराठीत एक वाक्य लिहा आणि ते आजी-आजोबांना पाठवा. त्यांनी काय विचारले, ते पुढच्या शनिवारी वर्गात सांगा.

शब्दओळख
ओळंबा : भिंत सरळ उभी आहे का ते पाहण्यासाठी गवंडी वापरतो ती वजन बांधलेली दोरी
तळखडा : खांबाच्या पायाशी असलेला दगड
मोरी : रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी बांधलेला लहान पूल
दर्शनी बाजू : इमारतीची समोरून दिसणारी बाजू
गवंडी : दगड-विटांचे बांधकाम करणारा कारागीर

— एक पालक